पेशंट आजींची भूमिका

रविवार, १४ मार्च

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलाय, म्हणून मनातल्या मनातच घातला, गोड मानून घे. वहिनीला नमस्कार आणि चिमणीला पापा. आता मोठी झाली म्हणून ती तोंड फिरवत असेल, तर आत्याने नुसतं विचारलंय म्हणून सांग.

फोन सोडून हिला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. कॉलेजचा वार्षिक अहवाल यंदा माझ्या गळ्यात पडला. पंधरवडा झाला, पेन हातातून सुटलेलं नाही. तेवढ्यात तुलाही चार ओळी. आई बरी आहे.

आमच्या फार्मसी कॉलेजने यंदा दिवे लावले. टोमणा मारत नाहीये, खरंच लावले. निकाल छान लागला. मुलांनी भाजीबाजारात टेबल टाकून लोकांचं ब्लडप्रेशर मोजलं. भाजीवाल्या एकमेकींचे आकडे विचारत होत्या आणि जिचा सगळ्यात जास्त ती सगळ्यात ऐटीत होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन मुलांनी त्यांच्या गोळ्यांचे डबे लावून दिले. गोळ्या बनवायचं आमचं जुनं मशीन दुरुस्त झालं. प्राचार्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चालवून दाखवतात, त्यामुळे सगळ्या स्टाफच्या खिशात खडूच्या गोळ्या सापडतात. आणि आमच्याच कॉलेजात झालेल्या आंतरकॉलेज स्पर्धेत आम्हीच करंडक पटकावला.

त्या स्पर्धेबद्दल जरा सविस्तर लिहिते.

औषध देताना पेशंटशी कसं बोलावं, त्याची ही स्पर्धा. बाकावर पांढरी चादर टाकून दुकानाचं काउंटर करतात, मागे रिकामी खोकी रचतात. औषधं खोटी, पेशंटही खोटा. आणि गेली काही वर्षं आमची खोटी पेशंट म्हणजे आपली आई. मुलं तिला 'पेशंट आजी' म्हणतात. तिला नकलांचं वेड किती ते तुला मी काय सांगू? बाबांची शिंक ती अशी काढायची की बाबाच दचकायचे. मागे एकदा तिने एका मुलाला विचारलं, "मधुमेहाची गोळी गोड नसते ना रे?" तो बिचारा सगळं पाठांतर विसरून माझ्याकडे बघत राहिला.

यंदा मी तिला नको म्हणत होते. दगदग होईल म्हणाले. तिने ऐकलं नाही. प्राचार्यांनीही गळ घातली.

आई बरी आहे असं मी वर लिहिलंय. ते खोडत नाही, पण त्यावर फार विश्वासही ठेवू नकोस.

आमच्याकडून एक अगदी हळू बोलणारी मुलगी उभी होती. सगळे तिला पुटपुट म्हणतात. आईची भूमिका सोपी होती. सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली, हे दोनदा विचारायचं, तिसऱ्यांदा समजल्यासारखं करायचं आणि उठायचं. आईने दोनदा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. मग पुन्हा. पुटपुट न कंटाळता तेच ते सांगत होती. मग आई म्हणाली, "पण ह्या गोळ्या कुणाच्या?" लोक हसले. आई दाराकडे बघायला लागली. म्हणाली, "लवकर आटप गं बाई. आमचे मिस्टर खाली गाडीत थांबलेत. उशीर झाला की चिडतात."

दादा, सगळा हॉल खदखदून हसला. बाबांना जाऊन किती वर्षं झाली, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

पुटपुट काउंटरच्या बाहेर आली, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "थांबू देत त्यांना आजी. आपण सावकाश करू." त्यावर टाळ्या पडल्या. परीक्षक सगळा जन्म हॉस्पिटलच्या औषधखिडकीत काढलेले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "असा हुबेहूब पेशंट मी स्पर्धेत कधी पाहिला नाही." करंडक आम्हाला आणि आईला पुष्पगुच्छ. मी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होते. दुसरं काय करणार होते?

हे मागच्या पावसाळ्यापासून चालू आहे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू आहेत. त्या गोळ्या मी वर्गात शिकवते. 'या औषधाने आजार मागे फिरत नाही, फार तर त्याची चाल थोडी मंदावते.' परीक्षेत पाच मार्कांना येतं. मुलं घडाघडा लिहितात आणि मी पूर्ण मार्क देते. माझ्याकडे या विषयातली पदवी आहे, कपाटभर पुस्तकं आहेत आणि आईसाठी काही म्हणजे काही नाही. तुला फोनवर ती ठणठणीत वाटते, कारण मी समोर बसून ओठांनी वहिनीचं नाव सांगते, चिमणीचं सांगते. म्हणून हे पत्र. फोनवर तिच्यासमोर मी हे कसं बोलणार होते?

अहवालात या प्रसंगावर एक वाक्य लिहावंच लागलं. 'एका ज्येष्ठ भगिनींनी वठवलेल्या विस्मरणाच्या भूमिकेस उपस्थितांची उत्स्फूर्त दाद मिळाली.' प्राचार्य म्हणाले, वा, छान जमलंय. पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवू.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं तेच लिहिते. त्या दिवशी घरी येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. पुष्पगुच्छ मांडीवर होता. मग म्हणाली, "खाली कुणी थांबलं नव्हतं ना गं?"

मी म्हटलं, "नव्हतं."

"सगळे हसायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग मी तसंच पुढे रेटलं. नाटक वाटलं ना सगळ्यांना?"

"वाटलं."

"मग झालं तर." थोड्या वेळाने म्हणाली, "दादाला सांगू नकोस हं. एक तर तो सगळं टाकून धावत येईल, नाहीतर येणारच नाही. दोन्ही मला बघवायचं नाही."

मी तिला शब्द दिला. तिला तो आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. मला आठवतोय आणि तरीही मी तो मोडला. मला एकटीला हे पेलवत नाही रे. आता त्या दोहोंपैकी एक तुला करावंच लागणार.

तुझी, आणि अजून तरी तिचीही,
धाकटी