आंदणातला गिझर

आप्पा, काल मी मुलीच्या सासरी जाऊन तिच्या लग्नात दिलेला गॅस गिझर भिंतीवरून उतरवून आणला. पोत्यात गुंडाळला, एसटीत मांडीवर घेऊन शहाद्याला आणला, आणि आता तो इथं माझ्यासमोर ओट्यावर पडलाय. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. नळजोडणीचं सगळं काम मी तुमच्या हाताखाली शिकलो, म्हणून हे सांगायचं तर तुम्हालाच. खरं म्हणजे तुम्ही असतात तर मी तुमच्याकडं आलोच नसतो. दोन वाक्यांत तुम्ही मला पकडलं असतं आणि मग मला पळायला जागा राहिली नसती. आता तुम्ही ऐकून घेणार, मध्ये बोलणार नाही, म्हणून धीर करतोय.

आयटीआयचं सर्टिफिकेट खिशात घालून मी तुमच्याकडं आलो तेव्हा माझी समजूत अशी होती की मला सगळं येतं, फक्त लोकांना ते कळत नाही. तुम्ही मला पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत नेलंत, शहाद्यातल्या नव्या घरांवर नेलंत, आणि त्या थंडीत धडगावला. घाटात जीपच्या खिडकीतून एकेक हात बाहेर काढून आपण टपावरचे पाइप धरून बसलो होतो, आठवतं? एका साहेबांच्या क्वार्टरचं बाथरूम होतं. साहेबांना टाइल्सची ओळ मध्ये कुठं तुटायला नको होती, आणि मलाही नको होती, म्हणून मी वरचा व्हेंटिलेटर विटांनी बुजवला आणि वर टाइल बसवली. काय देखणी भिंत झाली होती! तुम्ही आलात, भिंतीकडं बघितलंत. कोपऱ्यातल्या बंबात कोळसे टाकून पेटवलेत, बादली उपडी घातलीत आणि म्हणालात, "बठ आठे." दार लावून घेतलंत आणि दुसऱ्या बादलीवर स्वतः बसलात. बैलबाजाराच्या गप्पा मारत होतात. मी हसत होतो. मग कपाळावर कुणी फडकं आवळून बांधावं तसं व्हायला लागलं. "काय व्हई ऱ्हायनं?" तुम्ही विचारलंत. "डोकं दुखी ऱ्हायनं, आप्पा." उठायला गेलो तर गुडघेच नाहीत. तुम्ही मला धरून बाहेर आणलंत, तुमचाही तोल जात होता, आणि अंगणात मी भडाभडा ओकलो. जरा बरं वाटल्यावर तुम्ही छन्नी-हातोडी घेऊन माझी नवी कोरी टाइल फोडलीत. "फरशी चांगली दिसाले पाहिजे म्हनीसन मानूस मारशी का?" आठ दिवस मी तुमच्याशी धड बोललो नाही. मला राग त्या टाइलचा होता.

तुमच्या माघारी बंब गेले, आप्पा. आता लोक बाथरूम बांधायला काढतात तेव्हा आधी मला बोलावतात आणि विचारतात, गरम पाण्याचं काय करू? विजेचा गिझर म्हटला तर ऐन आंघोळीच्या वेळी लाइट जाते आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं त्याची कॉइल दोन वर्षांत पांढरी होऊन बसते. सोलर म्हटलं तर स्लॅबवर टाकी, लांबच लांब पाइप, आणि ढगाळ दिवशी बोंब. मग मी म्हणतो, गॅस घ्या. नळ उघडा की पाणी गरम. पेट घ्यायला दोन सेल लागतात, बस्स. शहाद्यात कित्येक जण मला गिझरवाला मिस्तरी म्हणतात आणि मला ते आवडतं. हा डबा बाहेरच्या भिंतीला लावायचा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्यायचा, हे मला ठाऊक आहे. पण बाहेर लावायचा तर भिंतीला भोक, नव्या टाइल्सला भोक, वरून चोरीची भीती. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्तरी, आतच लावा. मी एकदा सांगतो, दुसऱ्यांदा सांगत नाही. बंबातला निखारा डोळ्याला दिसतो तरी. हा पांढरा डबा, त्यात निळी ज्योत, ना धूर ना वास, त्याच्याकडं बघून कुणाला भीती वाटणार? माझ्या स्वतःच्या घरचा गिझर मात्र मागच्या पत्र्याखाली आहे, बाहेर. हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला कळतंय.

पोरीचं लग्न तापीकाठच्या गावात झालं. केळीची बागाईत, माणसं चांगली. त्यांनी काही मागितलं नव्हतं, मीच हौसेनं आंदणात गिझर दिला आणि लग्नानंतर स्वतः जाऊन बसवला. बाथरूम नुकतंच बांधलेलं, समुद्री निळ्या टाइल्स. व्याही म्हणाले, मागच्या बाजूनं शेळ्या बांधतो, आतच लावून टाका. मुलीच्या सासरी बापानं भिंतीकडं बोट दाखवायचं नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. जावयाच्या घरी आपण पाहुणे, तेही मान खाली घालून आलेले पाहुणे. मी म्हटलं, वर व्हेंटिलेटर आहे, दाराखाली फट आहे, चालतंय. चहा घेतला नाही, कारण नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं काही घ्यायचं नसतं, आणि सगळ्यांकडून शाबासकी घेऊन परत आलो.

पहिलं बाळंतपण माझ्याकडं झालं. मुलगा. तिसरा महिना संपल्यावर, ऐन थंडीत, ती सासरी गेली. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "काही नही पप्पा, आंग धोयं का जराशी अंधारी येस. डोकं जड पडस." मी म्हटलं, बाळंतिणीला आंघोळीनंतर होतं असं, डिंकाचे लाडू खा. मीच म्हटलं, आप्पा. मग नातवाचं विचारलं तर हसून म्हणाली, "तो तं आंग धोयं का दोन-दोन तास हालस नही. इतला मस्त झोपस." मीही हसलो. बायकोला सांगितलं, नातू शहाणा आहे. आणि परवा स्टँडजवळ चहा घेताना पेपरात बातमी वाचली. गाव कुठलं तरी लांबचं. नवरा-बायको बाथरूममध्ये मरून पडलेले सापडले, गॅस गिझर चालू, खिडकी बंद. कप माझ्या हातात तसाच राहिला. इतला मस्त झोपस. तेवढंच एक वाक्य कानात फिरायला लागलं. तिला फोन लावला, लागेना. जावयाला लावला, तो शेतात, म्हणाला सगळं ठीक आहे, काही विशेष का? मी म्हटलं, नाही, सहजच. आता नीट विचार केला तर त्या क्षणीच सांगायला हवं होतं. एक अख्खा दिवस आणि त्या दिवसाची आंघोळ मी सहज म्हणून जाऊ दिली.

काल पहिल्या गाडीनं गेलो. न कळवता, हत्यारांची पिशवी खांद्यावर. पोरीची सासू, इहिनबाई, अंगणात गहू पाखडत होत्या, माझ्याकडं बघून त्यांचं सूप थांबलं. पोरगी कुठंय म्हटलं, तर म्हणाल्या, पोराला घेऊन आंघोळीला गेलीय. आणि तेवढ्यात मला तो आवाज आला, गिझर पेटल्यावर येतो तो भर्रर्र. दार आतून लावलेलं. वर बघितलं तर व्हेंटिलेटरमध्ये गोधडीचा तुकडा कोंबलेला. पोराला वारा लागू नये म्हणून. दाराखाली ओलं पोतं, तेही त्याचसाठी. प्रेमानं बुजवलं होतं त्यांनी सगळं. दार वाजवायचं कसं? आत माझी तरुण मुलगी आंघोळीला बसलेली, बाहेर तिची सासू उभी, आणि बाप दार ठोकतोय. माझा हात वर गेला आणि खाली आला. दोनदा. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण कुणालाच सांगितलेलं नाही. मी पाण्याचा आवाज ऐकत उभा होतो. तो थांबला. परत आला. मग मला सिलिंडर आठवला. मागच्या ओट्यावर पळत गेलो आणि रेग्युलेटर बंद केला. आतून पोरगी ओरडली, पाणी गार पडलं म्हणून. गॅस संपला असं मी खोटंच ओरडलो, "गॅस सरना, बाहेर ये!"

ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे होते आणि ती भिंतीला धरून चालत होती. टॉवेलात गुंडाळलेलं पोर तिच्या खांद्यावर होतं, मान टाकून झोपलेलं. मी ते हिसकावून घेतलं. अंगणाच्या पार टोकाला, केळीच्या बागेकडून वारा येतो तिथं, उघड्या तोंडानं धरून उभा राहिलो. इहिनबाई मागून ओरडत होत्या, वारा लागेल, पोर आजारी पाडाल. मी त्याच्या गालावर टिचक्या मारत होतो. किती वेळ गेला मला माहीत नाही. फार नसेल गेला. माझं आयुष्य त्यात संपलं होतं एवढं खरं. मग त्यानं तोंड वाकडं केलं, शिंकलं आणि बेंबीच्या देठापासून रडायला लागलं. मी तिथंच मातीत बसलो. लगेच गाडी करून दोघांना तालुक्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, दुपारपर्यंत बसवून घेतलं आणि म्हणाले, आता बरे आहेत, पण त्या बाथरूममध्ये परत नको.

परत आल्यावर मी पाना काढला आणि गिझर उतरवायला लागलो. पोरगी ओट्यावर बसून बघत होती. इहिनबाईंना वाईट वाटलं. "याही, लगनमा देयेल वस्तू कोनी परत लई जास का?" आंदणाची वस्तू परत नेणं म्हणजे नातं परत नेणं, असंच त्यांना वाटलं असणार, आणि त्यांचं काय चुकलं? डॉक्टरांनी बाथरूमचं सांगितलं ते त्यांनी ऐकलं होतं, पण गोधडी आपणच कोंबली या विचारानं त्या आधीच रडकुंडीला आल्या होत्या. त्या वेळी मी सांगायला हवं होतं की गोधडी तुमची, पण डबा आत मी लावला. मी काय म्हणालो? "मालच खराब निंघना, इहिनबाई. बदलीसन लई येस." कंपनीवर ढकललं आणि मोकळा झालो. त्यांना तेवढ्यानं बरं वाटलं आणि मलाही बरं वाटलं, हे त्याहून वाईट.

आज सकाळी वही घेऊन बसलो होतो, यादी करायला. शहाद्यात आणि आसपासच्या गावांत मी कुणाकुणाकडं डबा आत लावलाय ती. पहिली पाच-सहा घरं झरझर आठवली. मग एक निवृत्त शिक्षक आठवले, त्यांच्याकडंही मीच आत लावलेला. गेल्या हिवाळ्यात ते बाथरूममध्येच वारले. घरच्यांनी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. वय झालं होतं, साखर होती, असेलही. मी स्मशानात गेलो होतो, त्यांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या बाथरूमला व्हेंटिलेटर होता का नव्हता, हे मी तासभर आठवत बसलो आणि मला आठवत नाही. टाइल्सचा रंग आठवतो. व्हेंटिलेटर आठवत नाही. तिथं जाऊन बघायची मला भीती वाटते, आप्पा. सापाची, करंटची वाटते तशी नाही. तिथं भोक नसलं तर पुढं मी काय करायचं, ही भीती आहे. यादी तिथंच थांबली आणि तिच्याखालीच मी तुम्हाला लिहायला लागलो.

घरोघर जायचं तर काय म्हणायचं? मीच बसवला, मीच काढायला आलोय? लोक विचारतील, मिस्तरी, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं का? आणि माहीत होतं. गावात एकदा बोललं गेलं की गिझरवाला मिस्तरी संपला, हे मला कळतं. पण काल ते पोर खांद्यावर मान टाकून होतं तसं दुसऱ्या कुणाच्या अंगणात असेल, हेही कळतं. दोन्ही कळतं आणि मी ओट्यावर बसून लिहितो. जाणार आहे. बाहेरून लावून देणार, भोकं पाडणार, जमेल तिथं सोलर घ्या म्हणणार. जाणार आहे असं मी सकाळपासून तीनदा स्वतःला म्हटलंय.

आणि आप्पा, यादीत एक घर मी लिहिलंच नव्हतं. तुमचं. दोन वर्षांपूर्वी काकूंनी मागचं बाथरूम नव्यानं करून घेतलं, गुडघे दुखतात म्हणून कमोड, धरायला दांडी, आणि गरम पाण्यासाठी माझा गिझर. आत. तुमच्या मुलानं म्हटलं, आतच लाव, आणि मी लावला. तुमच्या घरात. काकू एकट्याच आंघोळीला जातात, दार लावून, सावकाश. हे लिहितानाच मला राहवलं नाही, मध्ये उठून फोन केला. त्यांनी उचलला तेव्हा मी भिंतीला टेकलो. म्हणाल्या, "मन्ही आंघोळ व्हई गई सकायलेच." मी म्हटलं, काकू, उद्यापासून तो गिझर लावू नका, मी येतो, तोवर चुलीवर पाणी तापवा. का रे, म्हणाल्या. त्यांना माझ्या आवाजातलं काहीतरी कळलं असावं. मी म्हटलं, धोका आहे थोडा. त्या हसल्या. "तू बसाडेल शे ना भाऊ, मंग माले कसानं भ्याव?"

मी म्हटलं, पाइप गळतोय, काकू. एवढंच सांगितलं.