गाठ येऊ दे

३ डिसेंबर १९५४

हात भाजला आणि मला कळलंच नाही!

भाताचं भांडं उतरवताना डावा हात चुलीला टेकला. वास आला तेव्हा खाली पाहिलं, तर कातडी पांढरी पडलेली. ओरडणार कशाला? दुखतच नव्हतं. नेमका तिथेच तो पुसट डाग आहे. शिबं समजून मी महिनोन् महिने गंधक चोळतेय. टाचणी घेतली. टोचली. पुन्हा टोचली. काही नाही.

हे गिरणीतून आले तेव्हा मी चंदाला पाजत होते. यांना सांगितलं नाही.

४ डिसेंबर

सांगितलं. हे हसले — "शिबंच असन. काऊन भेऊन राह्यली?" मग त्यांच्यासमोरच डागात टाचणी खुपसली आणि डोळ्याची पापणीही हलवली नाही. हसू गेलं. जेवलेही नाहीत.

७ डिसेंबर

सकाळच्या गाडीनं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, कापसाची वात अंगावर फिरवली — "लागेल तिथं बोट ठेवा." शाळेत मी पोरींना डोळे मिटायला लावते, आज माझी पाळी. डागावर कितीदा वात फिरली असेल कोण जाणे, माझं बोट एकदाही तिकडे गेलं नाही.

मग त्यांनी तो शब्द उच्चारला. महारोग.

ऐकू येत होतं, पण माझ्याबद्दल चाललंय असं वाटत नव्हतं. डॉक्टर सावकाश बोलणारे आहेत. म्हणाले, हा जंतू आपल्या अंगातल्या पेशींच्या आत शिरून राहतो. रक्तात पहारेकरी पेशी असतात, त्या त्याला गिळतात. काही माणसांच्या पेशी गिळून मारून टाकतात — त्यांचा रोग एखाद्या डागावर थांबतो, दुसऱ्याला लागत नाही. काहींच्या पेशी नुसत्या गिळतात. मारणं त्यांना जमत नाही. जंतू त्यांच्याच पोटात वाढत जातात. अशा माणसाजवळ लहान पोर ठेवू नये.

"मी यातली कोण?"

"ते तुमचं अंगच सांगेल."

कानाच्या पाळीला चीर देऊन रस घेतला. त्यात जंतू दिसले नाहीत, पण डॉक्टर एवढ्यावर विसंबायला तयार नाहीत. उजव्या हातात मेलेल्या जंतूंचं औषध टोचलं. तीन-चार आठवड्यांत तिथे गाठ आली तर अंग लढतंय. हात तसाच राहिला तर नाही. तोवर चंदाला जवळ घ्यायचं नाही, पाजायचं नाही.

"अन् गाठ नाईच आली तं?" यांनी विचारलं.

"मग पोरीला दुसरीकडेच वाढवावं लागेल."

परत येताना गाडीत हे माझ्या समोरच्या बाकावर बसले. शेजारी जागा होती.

८ डिसेंबर

चंदाला आईकडे नेऊन दिलं. आई नदीकडच्या वस्तीत एकटीच राहते. म्हणाली, "माह्याजवळ झोपन ते. तू घोर नोको करू." चंदा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे झेपावत होती. मी पळत घरी आले.

छाती दगडासारखी झाली आहे. दूध मोरीत पिळून टाकलं. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि तिथेच बसून रडले.

१० डिसेंबर

टोचलेली जागा लाल झाली!

१२ डिसेंबर

लाली गेली. डॉक्टर म्हणालेच होते, लगेच येईल ते धरायचं नाही, खरी गाठ उशिरा येते. कळतं सगळं. तरी सकाळपासून दहादा ती जागा चाचपून पाहिली.

१७ डिसेंबर

शाळेत तापाची रजा टाकली आहे. शेजारची वच्छला आज कुंपणावरून — "पोरगी आईकडं काऊन ठेवली वं?" दात येताहेत म्हटलं. दात येणारी पोर कुणी आजीकडे धाडतं का! मला मेलीला खोटंही नीट बोलता येत नाही.

हिला कळलं तर दुपारपर्यंत अख्ख्या वडसा गावाला कळेल. विहीर बंद. शाळा बंद. यांच्या गिरणीतले लोक यांच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत.

२२ डिसेंबर

हात उन्हात धरून पाहते. वाकडा करून पाहते. बोट फिरवते. सपाट!

जन्मभर अंगावर साधी पुटकुळी आली तरी हळद चोपडत आले, आणि आता देवाकडे गाठ मागतेय. येऊ दे रे. मोठी येऊ दे, पिकू दे, ठणकू दे. मला सारखं वाटतं, आत ते जंतू निवांत बसलेत आणि माझ्या पेशी त्यांना पाट मांडून वाढताहेत. भीती वाटते. अंगातून उठून कुठे जाता येत नाही, याचीच फार भीती वाटते.

२६ डिसेंबर

आईच्या अंगणात गेले होते, लांबूनच चंदाला पाहायला. आईनं हात पाहिला. सपाटच.

"गाठच पाह्यजे ना त्या डाक्टरले? मंग बिबा लाव. दोन दिवसात टरारून फुगते."

आणि निखाऱ्यातला बिबा तिनं सरळ बोटांच्या चिमटीत उचलला! तेल सुटलेलं, चरचरत होतं. माझ्याच अंगावर काटा आला. "फेक तो!" मी ओरडले. आई म्हणते, "तुले पोरगी पाह्यजे का नाई?"

चंदानं हात पसरले. मी मागे सरकले. तिला वाटलं मी खेळतेय — हसली.

२७ डिसेंबर

खोटं कशाला लिहू? काल निघताना आईच्या टोपलीतला एक बिबा पदरात बांधून आणला आहे.

दिवसभर तोच विचार. बिबा लावायचा, हात दाखवायचा, चंदाला कडेवर घेऊन यायचं. डॉक्टरला काय कळणार? पण माझ्या पेशी खरंच लढत नसतील तर? डॉक्टरला फसवीन. चंदाच्या अंगाला कशी फसवू?

बिबा चुलीत टाकला. धुरानं डोळे चुरचुरले. हात तसाच आहे.

३० डिसेंबर

बोटाला काहीतरी लागतं. की मनाचे खेळ? यांना दाखवलं. हे म्हणाले, "मले तं काई दिसत नाई." पण बोट मात्र बराच वेळ तिथेच ठेवून बसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला हात लावला.

१ जानेवारी १९५५

गाठ! लाल, कडक, वाटाण्याएवढी! दाबली की दुखते — अगं आई गं, किती छान दुखते!

४ जानेवारी

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली. "छान. लढताय, बाई." डागासाठी गोळ्या दिल्या. मुलीला खुशाल घरी आणा म्हणाले. हे खुर्चीतच रडायला लागले.

मग डॉक्टर म्हणाले, जंतू कुठून तरी आलाच असेल, घरातल्या, माहेरच्या सगळ्यांना तपासायला आणा.

चंदाला आणायला गेले तेव्हा आईला सांगितलं. ती उसळली — "मले काय धाड भरली? माह्या अंगावर एक डाग दाखव! आंग कसं चकचकीत हाय पाह्य." ते खरंच आहे, या वयात तिच्या तोंडावर सुरकुती नाही. शेवटी कशीबशी तयार झाली.

रोज पिळून टाकत राहिले म्हणून दूध टिकलं. चंदा आत्ता पाजता पाजता झोपली. सोडत नाही.

७ जानेवारी

आईच्या कानाच्या पाळीतल्या रसात जंतूच जंतू. डॉक्टर म्हणाले, कित्येक वर्षांचं असेल. हिचं अंग लढलंच नाही, म्हणून डागही उठला नाही.

आई म्हणाली, "मले का मालूम, बाई?"

चंदाला माझ्यापासून वाचवायचं म्हणून हिच्या कुशीत झोपवलं. मीच नेऊन दिलं.