पाचवं तू म्हण

आई, परवा मी बिअर प्यायले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत लिहायचं टाळेन.

मनीषनगरला ऑफिसातल्या मैत्रिणीकडे नाताळचं जेवण होतं. तिच्या मुलीनं पुण्याहून मसाल्याची बिअर आणली होती, खास नाताळापुरती बनवतात ती. मी नेहमीसारखा ग्लास मागे सरकवला. "अवं, काहून भिऊन राहिली? लवंग, दालचिनी, संत्र्याची साल. काढाच आहे हा!" मैत्रीण म्हणाली आणि सगळे हसले. आग्रहाला बळी पडले असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. ग्लासातून वास आला आणि मला वाडीतली आपली भाड्याची खोली दिसली, म्हणून मी तो उचलला. एका घोटात अंगावर काटा आला. मसाल्यानं नाही. मसाल्याच्या खाली जे काही कडवट होतं, छातीत ऊब सोडत उतरणारं, ते माझ्या ओळखीचं होतं. दारूला कधी न शिवलेल्या बाईला ते ओळखीचं कसं?

मी लहान आहे, हिवाळा आहे. गोदामांपुढे ट्रक गुरगुरताहेत, धुळीनं माझी छाती घरघरते आहे. तू स्टोव्हवर लवंग, दालचिनी आणि वाळवलेली संत्र्याची साल उकळतेस आणि पातेली खाली उतरवल्यावर डब्यांमागच्या बाटलीतलं थोडं त्यात ओततेस. वरणसुद्धा तळहातावर घेऊन चाखणारी तू, हा काढा मात्र कधीच चाखत नाहीस. पण आधी बुद्धवंदना आणि पंचशील. चार शीलं आपण दोघी म्हणतो, मग तू थांबतेस. "पाचवं तू म्हण वं. तुले चांगलं पाठ आहे." मद्यापासून दूर राहीन, असं मी खड्या आवाजात म्हणते आणि काढ्यासाठी तोंड उघडते.

दुसऱ्या दिवशी मावशीला फोन करून विचारलं, त्या काढ्यात आई काय ओतायची?

"आता काहून विचारून राहिली तू? मोहाची दारू होती. शेजारीण आणून देत होती. निळी पडत होती तू, औषधाचा गुण येत नव्हता. तुही माय माह्यापाशी रडली. म्हणे, पोरीले दारू पाजून पाचवं शील कोणत्या तोंडानं म्हणू?"

तू स्वतः थेंबही घेतला नाहीस. मग शील मोडलं कुणाचं, तुझं की माझं? की कुणाचंच नाही? कालपासून स्वतःशी वाद घालते आहे. पण मला हादरवलं ते याने नाही. माझा खोकला बरा झाला, माझं लग्न झालं, तुझे केस पिकले, तरी पाचव्या शीलाला तू शेवटपर्यंत गप्पच राहिलीस. मला वाटायचं, लेकीचं कौतुक. एकदा सोयऱ्यांत मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही." तेव्हा तू पाणी आणायला म्हणून उठून आत गेलीस. तांब्या भरलेला समोरच होता.

हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवायला गेले होते, पण एक लिहायचं राहिलं होतं म्हणून परत घेऊन आले. मैत्रिणीला, मावशीला, घरी, सगळ्यांना मी सांगितलं की एकच घोट घेतला. आई, सगळे जेवायला आत गेल्यावर मी तो ग्लास संपवला.