हॉलमध्ये राहिलेले तीन मोती

आई, येत्या शुक्रवारी तुझ्या नातीचं केळवण आहे आणि त्या दिवशी तिला तुझी मोत्याची माळ गळ्यात हवी आहे. तिच्या आईची नथ आहे, सासरकडून तन्मणी येणार आहे, पण तिला आजीची माळच हवी. तू तिला आठवत नाहीस. तू गेलीस तेव्हा ती चार वर्षांची होती. पण तुझी माळ मुलुंडच्या हॉलमध्ये कशी तुटली आणि तिचे तीन मोती कसे कायमचे हरवले, ही गोष्ट तिला पाठ आहे. आपल्याकडे प्रत्येक कार्यात ती निघते आणि सगळे हसतात. मी हसत नाही. तेवीस वर्षं माळेचे मोती एका गोल पत्र्याच्या डबीत, सुती फडक्यात, सुटेच पडून होते. काल रविवारी सकाळी डबी घेऊन खिडकीशी बसलो. माळ पुन्हा गाठवायची म्हणजे तुझ्याशी बोलावं लागणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच इतकी वर्षं डबी उघडली नव्हती.

मी काय काम करतो ते तुला कधी नीट कळलं नाही, आणि जेवढं कळलं तेवढं तू लोकांपासून लपवलंस. वडिलांसारखा मी विक्रोळीच्या कंपनीत चिकटलो असतो तर तू पेढे वाटले असतेस. मी दहावीला दोनदा आपटलो आणि अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दागिने परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात खोकी बांधायला लागलो. माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी तिथल्या गाठवणाऱ्या बायकांच्या टेबलापाशी उभा राहून बघायचो. दोरा किती लांब घेतलाय, सुई कशी धरलीय, मोत्यामागे गाठ सरकवताना नख कुठे टेकतं. कोणी शिकवलं नाही. घरी साबुदाण्यावर सराव केला, हे तुला माहीत आहे, कारण साबुदाणा वाया घालवला म्हणून तू लाटणं उगारलं होतंस. दोन वर्षांत मी त्या टेबलावर बसलो आणि पुढच्या चार वर्षांत मोती निवडायलाही मीच. गुलाबी झाकेचा, हिरवट झाकेचा, पिवळा पडत चाललेला, हे ट्यूबलाइटखाली कळत नाही. सकाळचा उजेड लागतो, तोही उत्तरेच्या खिडकीतून. इंग्रजी कॅटलॉग मी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले. मी गाठवलेली एकही माळ आजवर तुटून परत आलेली नाही. हे मी तुला सांगायला आलो त्या दिवशी तू आडाळ्यावर बसून नारळ खवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पुरुषासारखो पुरुष आणि बायकांसारखे मणी ओवतंस? कोणाक सांगू नको हां." शेजारणीला तू सांगायचीस, "आमचो धाकटो एक्सपोर्टात असता." थोरला ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात लागला होता. त्याच्या कामातलं तर तुला ओ की ठो कळत नव्हतं, पण ते सांगताना तुझा आवाज चाळीच्या टोकापर्यंत जायचा.

तुझ्या आईच्या मोत्याच्या कुड्या तू थोरल्या सुनेला दिल्यास. रीतच आहे, थोरलीला जातात. माझ्या बायकोला नवी नथ आणलीस बाजारातून, तीही बरी होती, तिनं कधी तक्रार केली नाही. तक्रार मला होती. कुड्या कागदात गुंडाळून देताना तू वहिनीला म्हणालीस, "नीट ठेव गो, आता माझ्याकडे मोत्याचा काय्येक रवला नाय." मी दारात उभा होतो. तेव्हाच ठरवलं की तुला माळ करायची.

त्याला चार वर्षं लागली. भोकाजवळ बारीकसा डाग असला की तो मोती परदेशी मालात बाद होतो, आणि बाद माल आम्हा कामगारांना विकत मिळतो. एकेका खेपेत माझ्या मनासारखे दोन नाहीतर तीन निघायचे. सहा मिलिमीटरच्या वर आणि साडेसहाच्या आत, सायीचा रंग, त्यावर गुलाबीची अगदी श्वासाएवढी झाक. असे सत्त्याऐंशी जमवले. रेशमाच्या दुहेरी दोऱ्यात गाठवले, दर दोन मोत्यांमध्ये एक गाठ. त्या गाठींनी भोकाजवळचे डाग झाकले जातात, मोती मोत्यावर घासत नाही, आणि दोरा तुटलाच तर एक मोती पडतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. एक गाठ जरी सैल बसली असती तरी मी सगळी उसवली असती. दोनदा उसवलीही. गौरीच्या दिवशी तुझ्या हातात दिली. तू ती बोटांवरून सरकवलीस, पुन्हा सरकवलीस आणि म्हणालीस, "गाठी कित्याक रे मारलंस? तुटलेलो दोरो जोडल्यासारखो दिसता." मी समजावून सांगितलं. तू मान डोलावलीस. माळ कपाटात ठेवलीस. गळ्यात घातली नाहीस, पण मला वाटलं, जपून ठेवली.

मग थोरल्याच्या मुलाची मुंज. मुलुंडचा हॉल, वहिनीच्या माहेरची सगळी मंडळी पहिल्या रांगेत. तू माळ घालून आलीस. मी लांबून बघितली आणि माझं पोट भरलं, खोटं कशाला बोलू. फक्त सकाळपासून तू पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेऊन बसली होतीस. मला वाटलं, पंख्याचा वारा लागत असेल. औक्षणाला तू वाकतेस, माळ पुढे लोंबते, निरांजनाच्या ताटाच्या कडेत अडकते आणि तू सरळ होतेस. एक मोती पडत नाही. सगळे पडतात. फरशीवर तो आवाज मला अजून ऐकू येतो. मोती खुर्च्यांखाली, स्टेजखाली, भटजींच्या पाटाखाली गेले, बायका साड्या सावरत खाली बसल्या. मी गुडघ्यांवर रांगत होतो आणि कळत नव्हतं की हे झालं कसं. वहिनीच्या आईनं विचारलं, "कुठून गाठवून घेतली होती हो?" आणि तू म्हणालीस, शुद्ध मराठीत, जशी तू फक्त त्या लोकांशी बोलायचीस, "आमच्या धाकट्यानं केलेली. त्याचंच काम ना ते." कोणीतरी म्हणालं, "घरचा कारागीर!" हशा झाला. मी खुर्चीखाली होतो. माझ्या हाताला तुटलेला दोरा लागला. साधा नायलॉनचा. त्यावर एकही गाठ नव्हती.

माझं काम सगळ्यांना सांगायला तुला तोच दिवस सापडला.

संध्याकाळी चाळीतल्या स्वयंपाकघरात मी दोरा तुझ्यासमोर ओट्यावर ठेवला. विचारलं, "गाठी कोणी सोडल्या?" तू चहाचं आधण बघत राहिलीस. मग म्हणालीस, "घाटकोपरच्या पटवेकऱ्यान. नव्या दोऱ्यात ओवून दिल्यान. तुझ्या वडलांक तेव्हा बरा नव्हता. छातीत दुखा होता. सवाष्णीच्या गळ्यात गाठीगाठींचो दोरो कसो घालू, तूच सांग." मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?" "तू इतक्या मनापासून केलंस. सांगूक जीभ उचलली नाय." मी म्हणालो, "आणि सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायला बरी उचलली." चहा उतू गेला. मग तू विचारलंस, "किती गावले?" मी म्हणालो, "चौऱ्याऐंशी. तीन गेले."

तुझं शास्त्र बरोबर निघालं म्हणायचं. तू सवाष्ण गेलीस आणि वडील तुझ्यामागे सहा वर्षं होते. तो पटवेकरीही खरा कारागीर असणार, मी त्याला कधी बघायला गेलो नाही.

पुढच्याच आठवड्यात तू एकटी मुलुंडला गेलीस. बस बदलून, त्या गुडघ्यांनी. हॉलच्या वॉचमनला विनवून स्टेजखाली बॅटरी मारून शोधलंस. घरी येऊन रुमालाची गाठ सोडलीस आणि त्यातला एक पांढरा मणी माझ्या हातावर ठेवलास. "ह्यो आपलो काय रे?" कुणाच्या तरी केसांच्या पिनेचा होता. मी म्हणालो, "नाही. प्लास्टिक आहे." पंधरा दिवसांनी तू परत गेलीस. तेव्हा काहीच मिळालं नाही. मग म्हणायला लागलीस, "चौऱ्याऐंशीचीच गाठव ना रे. तुका हव्यो तश्यो गाठी मार." मी म्हणायचो, वेळ मिळाला की करतो. तीनदा म्हणालीस. मी मोजलंय. तिसऱ्या वेळी तू पलंगावर होतीस, हातात सलाइनच्या सुईचे काळेनिळे डाग होते, आणि वहिनी बाजूला बसली होती. तिला तू म्हणालीस, "ह्याच्यासारखो गाठवणारो अख्ख्या अंधेरीत नाय. पण आवशीसाठी ह्येका वेळ नाय." मला ते कौतुक वाटलं नाही. टोमणा वाटला. आज वाटतं, दोन्ही असेल. त्या दिवशी मी तुझ्या पायाला हात लावून कामावर गेलो आणि दिवसभरात कुणा परदेशी नवरीसाठी दोन माळा गाठवल्या.

आता आजचं सांगतो. कालपासून बसलो होतो, आज दुपारी माळ पूर्ण झाली. रेशीम दुहेरी, दर दोन मोत्यांमध्ये गाठ, अडकवायचा आकडा चांदीचा. माझी नजर आता पहिल्यासारखी नाही, भिंग घ्यावं लागतं, पण एक गाठ सैल नाही. सुटे पडून मोत्यांचं पाणी थोडं उतरलंय. मोती अंगाला लागावा लागतो, कपाटात तो सुकतो. तरी सगळे सारखेच सुकलेत, म्हणून जुळतात. बायकोनं माळ हातात घेतली, उजेडात धरली आणि मोजायला बसली. तिला मोजायची सवय नाही, पण गोष्ट तिलाही पाठ आहे ना. "अहो, हे तर सत्त्याऐंशी भरतायत." मुलगी धावत आली. "पप्पा, तीन नवीन घातले? कुठले ते? दाखवा ना." दोघींनी माळ फिरवून फिरवून बघितली. बायको म्हणाली, "मला तर काही ओळखू येत नाहीत. तेवीस वर्षांच्या जुन्या मोत्यांना असं जुळवायचं म्हणजे काय, मानलं पाहिजे बाई. आईंना दाखवायला हवं होतं." मुलगी म्हणाली, "आजी बोलली असती, झकास रे."

तेवीस वर्षांच्या मोत्याशी नवा मोती जुळत नाही, आई. जगातला कोणीही कारागीर ते करू शकत नाही. माझ्या टेबलावरचा परवा लागलेला पोरगाही हे सांगेल.

त्या दिवशी हॉलमध्ये पहिले तीन मोती माझ्या बुटापाशीच घरंगळत आले होते. हातात वाटी नव्हती म्हणून मी ते शर्टाच्या खिशात टाकले. तेव्हा मनात काही नव्हतं. मग तू माझं नाव घेतलंस. घरी मी बाकीचे मोजले आणि तू विचारलंस तेव्हा खिशाला हात लावला नाही. तू बॅटरी घेऊन स्टेजखाली वाकली होतीस तेव्हा ते माझ्याकडे होते, आणि तू रुमालातला मणी दाखवलास तेव्हाही. एकदा म्हणालो असतो की सापडले, तर तू कुठे सापडले हेही विचारलं नसतंस.

हे पत्र मी फाडणार आहे, कारण शुक्रवारी माळ बघायला थोरला आणि वहिनी येतील आणि बायको त्यांना माझ्या नजरेचं कौतुक सांगेल. तिनं विचारलं होतं, "कसे हो जुळवलेत इतके?" मी म्हणालो, "अनुभव."