सासूबाई, नऊवारी आणि केबिनचा पडदा

काळेवाडी, मंगळवार

तीर्थस्वरूप विमलआत्यास,

समाधानचा वाकून नमस्कार. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं घालतेस, म्हणून पत्र. गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? इकडं आम्ही तिघंही मजेत. हे मुद्दाम लिहितोय, कारण रविवारी दुपारपर्यंत तशी काही आशा नव्हती.

माझ्या ट्रकला तू पडदे शिवून दिलेस (सीटमागं झोपायची फळी आहे ना, तिच्यापुढचे, हिरवे) तेव्हा बजावलं होतंस, महिन्यातून एकदा काढून झटक, गार पाण्यात धू, पडदा सरकतो ती वरची पट्टी कोरड्या फडक्यानं पूस, तेल लावू नको. कबूल करतो आत्या, दोन वर्षांत पडदे एकदाच धुतले गेले (तेही पावसात खिडकी उघडी राहिली म्हणून). पट्टी कुरकुरायला लागली तशी तिला खोबरेल पाजलं. त्यावर चाकणची धूळ बसून आत कणीक मळल्यासारखं झालं.

आता ऐक. पोरीचं बारसं रविवारी एक वाजता. मंचरच्या आमच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, लग्न झाल्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या (भाग्यश्रीनं मनानं ड्रायव्हर पसंत केला, हा राग). नातीसाठी यायला निघाल्या, तर एसटीच आली नाही. मी सिन्नरहून रिकामी गाडी घेऊन येत होतो. भाग्यश्रीचा फोन, "आईला घेऊन या." घेतलं. मंचरपासून त्या खिडकीशीच बोलत होत्या. "ह्याला म्हनावं, हळू चालव." खिडकी काही बोलली नाही, पण मी हळू चालवली.

चाकणच्या अलीकडं गाड्या तुंबल्या. सव्वाअकरा झाले. पुढं गाडी यार्डात लावून रिक्षानं थेट घर गाठायचं होतं. सासूबाईंनी खिडकीला सांगितलं, "धुळीच्या लुगड्यानं मी नातीला हात लावनार न्हाई. हितंच नेसते." पिशवी घेऊन मागच्या फळीवर चढल्या आणि पडदा ओढला. तो अर्ध्यात अडकला. जोर केला तर एक हूक तुटून माझ्या टाळक्यात बसला. दात घासायच्या जुन्या ब्रशनं पट्टीतला चिखल खरवडला, कोरड्या फडक्यानं पुसला, मेणबत्तीचा तुकडा घासला. आत्या, पडदा लोण्यातून सुरी जावी तसा सरकला! तुटक्या हुकाच्या जागी कपड्याचा चिमटा लावला आणि खाली उतरून, गाडीकडं पाठ करून, भर रस्त्यात उभा राहिलो.

नेमक्या तेव्हाच पुढच्या गाड्या हलल्या.

मागून हॉर्न सुरू. हवालदारसाहेब धावत आले, "गाडी काढ की राव!" मी हळूच म्हणालो, "साहेब, आत सासूबाई साडी नेसतायत."

"किती वारी?"

"नऊ."

त्यांनी टोपी सरळ केली आणि मागच्यांना हात दाखवला. बातमी कंटेनरवाल्यांपासून कंपनीच्या बसपर्यंत पोचली आणि एकेक हॉर्न बंद पडला. वीस मिनिटं सगळे थांबले. बसमधल्या बाया तर मलाच धीर देत होत्या.

शेवटी जांभळ्या नऊवारीत सासूबाई पुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चला, जावईबापू." मला म्हणाल्या, आत्या! मला गिअर सापडेना.

एकला दहा कमी असताना घरी पोचलो. नाव दिव्या ठेवलं. पाळण्याची दोरी सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत कुणाच्या हाती दिली नाही.

तुझा,
समाधान

ता. क. : पडद्यांचा आणखी एक जोड शिवशील का? सासूबाई परतही ट्रकनंच जाणार म्हणतात. माप तेच, कापडही तेच जाड.

आणखी ता. क. : पत्र बंद करताना सासूबाई मागून म्हणाल्या, "विहीनबाईंना लिवा, लुगडं पाच मिन्टांत नेसून झालं व्हतं. गादी मऊ, पडद्यानं अंधार झ्याक पडला, मग जरा डोळा लागला." हवालदारसाहेब त्या रस्त्याला रोज भेटतात. त्यांना हे मी जन्मात सांगणार नाही.