न हलणारी लाट

७ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ
आज बायकोने लाट घेतली आणि लाटेवरच वळली. म्हणजे सर्फिंगचा बोर्ड लाटेच्या भिंतीवर चढवला, वरच्या वर फिरवला आणि परत खाली आली. ओट्यावरून फडकं फिरवावं तितक्या सहज. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण हातात तिचा टॉवेल, चपला आणि गाडीची किल्ली असल्यामुळे आवाज आला नाही.

नंतर मी उतरलो. मी उभा राहतो, बोर्ड राहत नाही. आमच्या क्लबचा मास्तर म्हणाला, आधी नीट उभं राहायला शिका, वळणं नंतर. हे मला पटलेलं नाही. माझा प्रॉब्लेम वळणांचाच आहे. ती जमली की उभं राहणं आपोआप जमेल.

संकल्प: नोव्हेंबरच्या सुरुवातीला क्लबची सहल आहे. तिथे तिच्याबरोबर एकाच लाटेवर, शेजारी शेजारी. तोपर्यंत तिला पत्ता लागू द्यायचा नाही.

परतताना तिला काहीतरी बोलायचं होतं. म्हटलं, ट्रॅफिक आहे, नंतर बोलू. मग ती झोपली.

८ सप्टेंबर, सोमवार
लिफ्ट कंपनीच्या फोनवर बसल्या बसल्या ऑफिसात उपाय सापडला. स्केटबोर्डचा रॅम्प! व्हिडिओत स्पष्ट दाखवलंय: रॅम्प म्हणजे लाटच, फक्त हलत नाही. चढा, वळा, उतरा. तीच वळणं, तीच लय, शंभर वेळा घोटता येतात. समुद्रात लाट तिच्या मर्जीने येते, तिथे सराव होणार कसा? म्हणजे आजवर दोष माझा नव्हता, पाण्याचा होता.

व्हिडिओ चालू असताना एक बाई लिफ्टमध्ये अडकल्याचा फोन. नेहमीप्रमाणे म्हटलं, घाबरू नका, माणूस निघालाय. मग माणूस शोधायला घेतला. इतकी वर्षं अडकलेल्यांना धीर देतोय, स्वतःला धीर देणं काय अवघड आहे?

स्केटबोर्ड मागवला.

११ सप्टेंबर, गुरुवार
बोर्ड आला. सासऱ्यांच्या पलंगामागे लपवला. त्यांना विश्वासात घ्यावंच लागलं. म्हणाले, "जावईबुवा, इस्त्रीचं टेबल लपवायचं कारण काय?" सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, बरं, पण याचे पाय छोटे आहेत.

१३ सप्टेंबर, शनिवार
बायकोला सांगितलं, आजपासून शनिवारी ओव्हरटाइम. रॅम्पवर गेलो. खालून पाहिला तर माझ्या खांद्याइतका. वर चढून पाहिलं तर निदान दुमजली. हे बांधणाऱ्यांनी काहीतरी फसवाफसवी केली आहे.

शिकवणाऱ्याला सगळे स्प्रिंग म्हणतात. एरवी बँकेत असतो. मोठ्यांच्या बॅचमध्ये मी आणि एक दातांची डॉक्टरीण. त्याला सुरुवातीलाच सांगून टाकलं, मी सर्फिंगमधून आलोय, मला डायरेक्ट वळणं द्या. त्याने आदराने विचारलं, कुठे करता? म्हटलं, समुद्रात. त्यानंतर त्याने मला सपाट जमिनीवर एका पायाने ढकलायला लावलं.

बहुधा वॉर्म-अप असावा.

२० सप्टेंबर, शनिवार
अजून वॉर्म-अपच चालू आहे. पण आज मोठं तत्त्व हाती लागलं. स्प्रिंग म्हणतो, आधी नजर वळते, मग खांदे, मग कंबर, आणि बोर्ड सगळ्यात शेवटी. जिकडे बघाल तिकडे जाल. मी बाकाकडे बघत होतो. बाकावरच गेलो. म्हणजे तत्त्व शंभर टक्के खरं आहे. गुडघा सोलला.

घरी बायको म्हणाली, आता जरा बसून बोलायचं का? म्हटलं, नोव्हेंबरनंतर निवांत बोलू, सध्या ऑफिसचं फार आहे. ती बराच वेळ बघत राहिली. शनिवारी मी नसतो ते तिला जाणवत असणार. बिचारी. सरप्राइज चांगलंच रंगणार.

२४ सप्टेंबर, बुधवार
घरच्या घरी लयीचा सराव. रॅम्प उतरताना गुडघ्यात बसायचं, चढताना उठायचं, त्यातून वेग तयार होतो. लाटेवरही हेच. बायको बाहेर गेल्यावर स्वयंपाकघरात करत होतो: बस, उठ, वळ. सासरे पाणी प्यायला आले. आत गेले आणि कंबरदुखीचं मलम घेऊन आले. माझं ऐकून न घेता लावूनही दिलं.

२७ सप्टेंबर, शनिवार
आज रॅम्प! वरच्या कडेवर बोर्डाची शेपटी मागच्या पायाने दाबून धरायची, पुढचा पाय हवेतल्या टोकावर ठेवायचा, आणि सगळं वजन एकदम पुढे. स्प्रिंगचं म्हणणं, मनात किंतु आणायचा नाही. वजन मागे राहिलं की पाठीवर पडलात.

डॉक्टरीणबाई गेल्या. किंचाळल्या, पण गेल्या.

मी उभा राहिलो. मागे शिडीवर लहान बॅचच्या पोरांची रांग लागली. मी अभ्यास करत होतो. रांगेतल्यांना मागून पुढे जाऊ दिलं. बॅच संपल्यावर बोर्ड काखेत घेऊन शिडीने उतरलो. स्प्रिंग म्हणाला, "सर, होतं असं." काय होतं असं? मला आज उतरायचंच नव्हतं.

१ ऑक्टोबर, बुधवार
जेवताना टेबलाखाली गुडघ्यावर बर्फ धरून बसलो होतो. डोक्यात शनिवारचा रॅम्प. बायको काहीतरी बरंच सांगत होती. नोव्हेंबरपासून शिकवायचं, लांब आहे, काय करावं कळत नाही, वगैरे. क्लबची नवीन बॅच असावी. मग एकदम थांबून म्हणाली, "तुला काय वाटतं?"

प्रश्न नेमका कशाबद्दल ते माहीत नव्हतं. पण डोक्यात होतं तेच तोंडातून आलं: "मनात किंतु आणायचा नाही. सगळं वजन पुढे टाकायचं."

तिने माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं.

बघा. नुसत्या थिअरीचा एवढा परिणाम. प्रत्यक्ष वळण बघेल तेव्हा काय होईल!

५ ऑक्टोबर, रविवार
समुद्र. रॅम्पचं तत्त्व पाण्यात वापरून पाहिलं. पोटावरून उठलो, खरंच उभा राहिलो, नजर वळवली. नजर बायकोकडे गेली, ती पलीकडून सुंदर लाट घेऊन येत होती. जिकडे बघाल तिकडे जाल. गेलो. माझा बोर्ड तिच्या पोटरीवर. तिची लाट गेली. पोटरीवर हे एवढं निळं झालं.

चिडली नाही. शेजारी बसून माझ्याकडून शांतपणे पट्टी बांधून घेतली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

तरी नोंद करून ठेवतो: मी उभा होतो.

११ ऑक्टोबर, शनिवार
पाठीत उसण, म्हणून रॅम्प रद्द. अर्ध्या वाटेतून घरी आलो तर माळ्यावरची मोठी बॅग खाली. सहलीला अजून तीन-चार आठवडे, आणि हिची तयारी सुरू. मन भरून आलं. सासऱ्यांना म्हटलं, बघा, सहलीची किती हौस आहे तिला. ते म्हणाले, कसली सहल? म्हटलं, मग बॅग कशाला?

ते टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "जावईबुवा, ती जातेय ना. समुद्रावरच्या शाळेत शिकवायला, पूर्ण सीझन. राहणार तिथेच. तुम्हीच तर तिला सांगितलंत जा म्हणून."

मी म्हटलं, हो हो, माहीत आहे.

मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

१२ ऑक्टोबर, रविवार
मेव्हणीचा फोन. माझं कौतुक करत होती. म्हणे असा नवरा मिळायला भाग्य लागतं, एका वाक्यात तिची सगळी घालमेल संपवलीत. आमच्याकडे नुसती चर्चा झाली असती. मी थँक यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ठरवलं, आज स्पष्ट बोलायचं. मुद्दे काढून ठेवले होते: अडीच तासांचं अंतर, सासऱ्यांचं वय, माझं जेवण. बायको गॅलरीत बोर्डाला मेण लावत होती. म्हटलं, त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. हात चालूच.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"महिनाभर सांगतेय. तू दर वेळी नोव्हेंबरनंतर म्हणतोस. नोव्हेंबरनंतर मी इथे नसणार आहे."

सगळे मुद्दे विसरलो. विचारलं, "तुला जायचंय?"

तिने मेण खाली ठेवलं. "हो. खूप."

एवढं सरळ उत्तर येईल याची तयारी नव्हती. शेवटी म्हटलं, येत्या शनिवारी माझ्याबरोबर एका ठिकाणी चल, मग ठरव. म्हणाली, चालेल, पण ठरलंय.

तिने एकदा वळण पाहिलं की बदलेल. मला खात्री आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार
ऑफिस. एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकलेले. म्हटलं, घाबरू नका, माणूस निघालाय. ते म्हणाले, मी घाबरलेलो नाही, मला फक्त बाहेर काढा. मग ना त्यांना पुढे बोलायचं होतं ना मला. दोघंही फोन धरून बसलो.

१८ ऑक्टोबर, शनिवार, डाव्या हाताने
बायकोला रॅम्पवर नेलं. तिने बघून विचारलं, हा तुझा ओव्हरटाइम का? रागावली नाही, हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तिला म्हटलं, तू खाली उभी राहा आणि बघ. वर चढलो. शेपटी दाबली, पुढचा पाय ठेवला. खाली ती, स्प्रिंग, डॉक्टरीणबाई. मग अभ्यास सुरू झाला. स्प्रिंग तिला म्हणाला, मॅडम, वेळ लागेल, तोवर तुम्ही बघा करून. डॉक्टरीणबाईंनी आपलं हेल्मेट आणि बोर्ड दिला.

बायको आयुष्यात कधी स्केटबोर्डवर उभी राहिलेली नाही. खालूनच दोन-तीनदा ढकलून चढली, उतरली, चढली. वेग आला तशी गुडघ्यात बसली आणि वरच्या कडेजवळ येऊन वळली. माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावर. खालून स्प्रिंग म्हणाला, हे पाण्यातून येतं, शिकवता येत नाही. म्हणजे सर्फिंगने स्केटिंग सुधारतं. व्हिडिओत उलटं सांगितलं होतं.

ती बाजूला झाली आणि वर बघत राहिली. आता उतरणं भागच होतं. वजन पुढे टाकलं. निदान अर्धं टाकलं. बाकीचं मागे राहिलं.

उजवं मनगट. दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत ती शेजारी बसली होती, माझी पिशवी मांडीवर घेऊन. म्हणाली, "हे सगळं कशासाठी केलंस?"

"तुझ्याबरोबर एक लाट घ्यायची होती. एकदाच."

तिने माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवला. ते अजून डोक्यावरच होतं. "लाटेवर मी एकटीच असते," ती म्हणाली. "म्हणून तर जाते. तुझ्यावर राग नाही माझा. पण पाण्यात मला कुणी नको असतं."

नर्स आली आणि म्हणाली, हात हलवू नका. मी काहीच हलवत नव्हतो.

१ नोव्हेंबर, शनिवार
बायको सकाळी गेली. बॅग गाडीपर्यंत एका हाताने उचलायला गेलो, तीच म्हणाली, राहू दे. सासरे आणि मी फाटकात उभे. गाडी वळून गेली. छान वळवली.

क्लबची सहल आज निघाली म्हणे. मला कुणी विचारलं नाही. प्लास्टर आहे म्हणून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दोघांपुरता स्वयंपाक मी करतो. डाव्या हाताने. सासरे सोमवारपासून शेजाऱ्यांकडे जेवायला जाऊ लागले आहेत. त्यांचा मला भार होऊ नये म्हणून असेल. बायकोचा फोन येतो, सासऱ्यांना. ते नंतर मला सांगतात, ती बरी आहे, काळी झालीय, पोरं तिला बाई म्हणतात.

मी बोर्ड विकायचा विचार केला. पण आत्ता विकला तर घाई होईल.

३० नोव्हेंबर, रविवार
प्लास्टर गेल्या आठवड्यात निघालं. तिच्या शाळेत अगदी नवख्यांसाठी रविवारची बॅच असते. नाव नोंदवलं. पाण्यात मध्ये येण्याचा प्रश्नच नाही, विद्यार्थी म्हणून जायचं. यात तिला आक्षेप घ्यायला जागा नाही, हे मी नीट विचार करून पाहिलं होतं.

पहाटे निघालो. बॅचमध्ये एक रिटायर्ड जोडपं, एक शाळामास्तर, त्यांच्या दोन मुली आणि मी. बायको झेंडा घेऊन आली. अंगाने हलकी दिसते. मला पाहिलं, यादीत खूण केली आणि सगळ्यांना वाळूत पोटावर झोपायला सांगितलं. आज पाण्यात जायचं नाही, बोर्ड वल्हवायला मारतात तसे वाळूवरच हात मारायचे.

झोपलो. हात मारले. वाळू जागची हलली, मी नाही. ती एकेकाजवळ जाऊन दुरुस्त करत होती. माझ्याजवळ आली, वाकून मनगट पाहिलं, म्हणाली, "यावर जोर देऊ नका." आणि शाळामास्तरांकडे गेली.

तासभर चाललं. मला वाटतं वाळूवर मीच सगळ्यांत बरा होतो. रिटायर्ड आजोबाही चांगले होते.

संपल्यावर तिने सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या. विचारलं, पुढच्या रविवारी कोण कोण येणार? मी सगळ्यांत आधी हात वर केला. ती आजोबांना म्हणाली, या. शाळामास्तरांना म्हणाली, या. मलाही म्हणाली, या.

बॅचमध्ये सगळ्यांना सारखंच वागवावं लागतं. बरोबरच आहे ते.