पिरोगीच्या माथी खापर

आदरणीय फादर मिरोस्लाव (म्हणजे आमचाच मिरको) यांस,

थोरली बहीण ओलेना हिचा तुझ्या पदाला नमस्कार आणि तुला आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? प्रार्थनेने दुखतात म्हणतोस. मला ते वजनाचं वाटतं. इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त बॅजर्सनी, म्हणजे आपल्या फुटबॉल संघाने, यंदा एकही सामना जिंकला नाही आणि त्याचा ठपका माझ्यावर आला. तेव्हा बसून वाच.

उन्हाळ्यात हरायला लागलो तेव्हा व्यवस्थापकांनी दोष वाऱ्याला दिला. (वारा दोन्ही संघांना सारखाच होता, पण तो उलट बोलत नाही.) मग चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, क्वार्टरबॅकला. एक काढला, दुसरा काढला, तिसरा थेट लुइझियानाहून मागवला, टेरेल ब्रूसार. हॉटेल परवडेना म्हणून त्याला माझ्या वरच्या खोलीत आणून टाकलं. पोरगा गुणी, पण सीमेपलीकडे त्याच्या अमेरिकेत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी मिळतात आणि आपल्याकडे तीन, हे त्याच्या अंगवळणी पडेना. पहिल्याच सामन्यात तिसरी संधी त्याने आरामात वाया घालवली आणि चौथीची वाट बघत उभा राहिला. तोवर समोरचे चेंडू घेऊन मोकळे! शेजारी माझी लारिसा होती (शाळेची बस चालवून पोरीची जीभ फार धारदार झाली आहे), ती ओरडली, "आई, हा खेळायला आलाय की बसची वाट बघायला?"

हरून आलेल्या माणसाला मी काय उपदेश वाढणार? बटाट्याचं सारण भरून उकडलेली पिरोगी वाढली, कांदा परतून, वर आंबट साय घालून. त्याने तीनदा मागून घेतली. तुझे दाजी पेत्रो गेल्यापासून या घरात "अजून वाढा" कोणी म्हटलं नव्हतं रे.

संघ हरतच राहिला. मग एके दिवशी प्रशिक्षक गार्नेट प्रिंगल स्वतः स्वयंपाकघरात हजर. "बाई, तुमच्या पिरोगीने माझा गडी जड झालाय." हे सांगता सांगता त्यांनी एक ताट संपवलं आणि साय पुन्हा मागितली. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे पराभवाचं कारण म्हणून माझं नाव, आडनावासकट! मैदानावरचा आपल्या चर्चच्या बायकांचा पिरोगीचा ठेलाही बंद. खेळाडूंना उकडलेली कोंबडी सुरू झाली आणि पुढचा सामना असा हरलो की फलकावर गुण लावणारा मध्येच कॉफी प्यायला निघून गेला.

त्यानंतर प्रेक्षकच येईनात. लोक फुटबॉल बघायला येतात असा व्यवस्थापकांचा समज होता. लोक पिरोगी खायला येत होते आणि समोर फुटबॉल चालायचा, एवढंच. शेवटी प्रिंगलसाहेब टोपी हातात घेऊन दारात, ठेला पुन्हा लावा म्हणून. मी म्हटलं, "आधी पेपरात छापा, ओलेना ह्नातिकच्या पिठात दोष नाही." छापलं, हवामानाच्या खाली, बारीक अक्षरात.

शेवटच्या सामन्याला बर्फ पडत होता, तरी मैदान भरलं. टेरेलने तिसरी संधी ही तिसरीच आहे हे ओळखलं आणि चेंडू पोटाशी धरून, दोघांना अंगावर ओढत, शेवटची रेष ओलांडली. बरोबरी! लारिसा तर माझा खांदा धरून नाचली. पण समोरच्यांनी जाता जाता गोलखांबांकडे चेंडूला लाथ मारली, ती चुकली, चेंडू आमच्या मागच्या रेषेपार गेला आणि आपल्या नियमाप्रमाणे त्यांना एक गुण मिळाला. चुकल्याबद्दल गुण देणारा हा एकच खेळ. एका गुणाने हरलो, तरी गावभर गाड्यांचे भोंगे वाजत होते. संघाने याला ऐतिहासिक प्रगती म्हटलं, प्रिंगलचा करार वाढवला आणि टेरेलच्या हातात नारळ दिला.

पोरगा जिन्यात बसून बूट घालत होता. म्हणाला, "मावशी, पुढच्या आठवड्यात निघतो." माझे हात पिठात होते, म्हणून डोळेही पुसता येईनात.

तुझी ताई,
ओलेना

ता.क. टेरेल बाप्टिस्ट आहे, आपल्या पंथाचा नाही. आपल्या चर्चमध्ये त्याचं लग्न लावायला तुझ्या बिशपची काय परवानगी लागते ते आजच विचार. मुलगी आपलीच लारिसा.

ता.क. दुसरा. अभिनंदनाचा फोन मात्र करू नकोस. दोघांनाही मी अजून सांगितलेलं नाही.